सुट्या खिळ्यांची सलग अक्षरे

लग्नपत्रिकेवरची इंग्रजी नावे, शाळेच्या गुणगौरव समारंभातील प्रमाणपत्र, अत्तराच्या बाटलीवरचे लेबल. या तिन्ही वस्तूंवर एक समान गोष्ट हमखास आढळते. अक्षरे उजवीकडे कललेली असतात, एकमेकांचा हात धरून चालल्यासारखी जोडलेली असतात आणि मोठ्या लिपीतल्या अक्षरांना लांबलचक लपेटी असतात. या वळणाला इंग्रजीत कर्सिव्ह म्हणजे धावते वळण म्हणतात. संगणकावर अशा वळणाचे शेकडो फॉन्ट आज मिळतात. आपण कळफलकावर नाव टंकित करतो आणि क्षणात ते सुलेखनकाराने लिहावे तसे दिसू लागते.

पण जरा थांबून विचार केला तर यात एक विसंगती आहे. धावते वळण जन्माला आले ते हात न उचलता लिहिण्यातून. छपाई मात्र नेमक्या उलट तत्त्वावर उभी आहे. प्रत्येक अक्षर सुटे, स्वतंत्र, आणि हवे तिथे पुन्हा पुन्हा वापरता येईल असे असले पाहिजे. मग सुट्या तुकड्यांतून सलग ओघ कसा निर्माण करायचा? या प्रश्नाशी कारागीर आणि शास्त्रज्ञ साडेचारशेहून अधिक वर्षे झगडत आले आहेत. त्यात थोडे भौतिकशास्त्र आहे, बरीच भूमिती आहे, आणि आपल्या देवनागरी व मोडीशी त्याचा जवळचा संबंध आहे.

टाक, बोरू आणि तांब्याचा पत्रा

प्रथम ही जाड-बारीक रेघ येते कुठून ते पाहू. बोरूचे टोक रुंद आणि तिरपे कापलेले असते. त्यामुळे रेघेची जाडी बोरू कोणत्या दिशेने सरकतो यावर ठरते. टोकाच्या कडेला लंब दिशेने ओढले तर रेघ सर्वांत जाड, कडेच्याच दिशेने ओढले तर सर्वांत बारीक. देवनागरी अक्षरांतील जाड-बारीकपणा असा आला आहे.

अणकुचीदार टाकाची गोष्ट वेगळी. त्याचे टोक मधोमध चिरलेले असते. दाब दिला की दोन्ही पाती फाकतात आणि रेघ जाड होते. खाली येताना असा दाब देता येतो. वर जाताना दाब दिला तर टोक कागदात रुतते, म्हणून वर जाणारी रेघ केसासारखी बारीक ठेवावी लागते. इंग्रजी धावत्या वळणात खाली येणारा दांडा जाड आणि जोडणारी रेघ बारीक का, याचे उत्तर एवढे साधे आहे. ती निव्वळ सजावट नव्हे, तो टाकाचा गुणधर्म आहे.

अठराव्या शतकात लंडनमध्ये सुलेखन शिकवणाऱ्या गुरुजींचे कित्ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले जात. जॉर्ज बिकहॅम या कोरीव कारागिराने ‘द युनिव्हर्सल पेनमन’ हा असा मोठा संग्रह १७३३ ते १७४१ या काळात हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध केला. कोरणीने पत्र्यात इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची चर पडते. कोरणी खोल गेली की चर रुंद होते, म्हणजे छापलेली रेघ जाड होते. टाकावरचा दाब आणि कोरणीची खोली यांचे असे छान जुळले. शिवाय पत्र्यावर संपूर्ण पान एकसंध कोरायचे असल्यामुळे अक्षरे जोडण्याचा प्रश्नच नव्हता. आजही या वळणाला ‘कॉपरप्लेट’ म्हणजे ताम्रपटी म्हणतात. समारंभाची निमंत्रणे आणि प्रशस्तिपत्रे पत्र्यावर कोरून छापण्याची प्रथा पुढेही चालू राहिली. लग्नपत्रिकेवर हे वळण दिसले की आपल्याला ‘समारंभ’ जाणवतो, त्यामागे ही जुनी संगत आहे.

शिशाच्या चौकोनात तिरपे अक्षर

खरी अडचण आली ती खिळ्यांच्या छपाईत. व्हेनिसमधील आल्दुस मानुत्सियुस या मुद्रकाने फ्रान्चेस्को ग्रिफो याच्याकडून हस्ताक्षरावर बेतलेले तिरपे खिळे करून घेतले आणि १५०१ मध्ये त्यांत व्हर्जिलचे काव्य छापले. आज आपण ज्याला इटॅलिक म्हणतो त्याचा हा आरंभ. पण यातली बहुतेक अक्षरे सुटीच होती. तिरपेपणा आला, सलगपणा आला नाही.

१५५७ मध्ये फ्रान्समधील लियों शहरात रोबेर ग्रांजों याने त्या काळच्या फ्रेंच हस्ताक्षराचे खिळे पाडले. पुढे मुलांना शिष्टाचार शिकवणाऱ्या पुस्तकांसाठी ते वापरले गेले, त्यामुळे त्यांना ‘सिव्हिलिते’ म्हणजे ‘शिष्टाचार’ हेच नाव पडले. वाचता वाचता मुलाला हाताने लिहिलेल्या अक्षराचीही ओळख व्हावी, असा हा दुहेरी उपयोग होता. शिक्षकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण लेखाच्या शेवटी आपण तिच्याकडे पुन्हा येणार आहोत.

शिशाचा खिळा म्हणजे एक चौकोनी कांब, आणि तिच्या माथ्यावर उलटे अक्षर. अक्षर तिरपे असले की त्याचे टोक कांबेच्या बाहेर लोंबते. हे लोंबते टोक दाबयंत्राखाली पटकन मोडते. जोडणारी रेघ नेमकी कांबेच्या काठावर येते आणि काठ झिजला की दोन अक्षरांच्या सांध्यात पांढरी फट पडते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस पॅरिसच्या फिर्मँ दिदो याने कांबच तिरपी ओतून ही अडचण बरीच कमी केली. मात्र असे खिळे महाग पडत आणि ते जुळवणे खिळेजुळाऱ्याच्या चिकाटीची परीक्षा पाहणारे होते.

विसाव्या शतकात शिशाची जागा फिल्मने घेतली. प्रकाशाने छापायच्या अक्षराला काठ नसतो, म्हणून एक अक्षर दुसऱ्यावर किंचित चढवता येते. मॅथ्यू कार्टर यांनी १९६५-६६ च्या सुमारास लिनोटाइपसाठी ‘स्नेल राउंडहँड’ हे वळण तयार केले ते याच तंत्राचा फायदा घेऊन. चार्ल्स स्नेल या जुन्या लंडनकर सुलेखनगुरूच्या हस्ताक्षरावर ते बेतलेले आहे. त्यातले सांधे इतके बेमालूम आहेत की शब्द एका दमात लिहिल्यासारखा वाटतो.

मोटारीच्या पत्र्यातून आलेली वक्ररेषा

संगणकाला अक्षर कसे सांगायचे? ठिपक्यांचे चित्र साठवले तर अक्षर मोठे करताच कडा दातेरी होतात. त्यापेक्षा अक्षराची बाह्यरेषा गणिताने सांगणे चांगले. यासाठी लागणारी वक्ररेषा मोटारींच्या कारखान्यांतून आली. गाडीच्या पत्र्याचे गोलाकार आकार अचूक मांडण्यासाठी सित्रोएन कंपनीतील पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये आणि रनो कंपनीतील पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात, स्वतंत्रपणे, एकाच प्रकारच्या वक्ररेषा शोधल्या. अडोबी कंपनीने १९८४ मध्ये आणलेल्या पोस्टस्क्रिप्ट भाषेने अक्षरांसाठी याच वक्ररेषा वापरल्या.

ही वक्ररेषा आलेखाच्या कागदावर पट्टीने काढता येते. आठवी-नववीच्या वर्गात हा प्रयोग जरूर करून पहावा.

अ (०,०), ब (०,८), क (८,८) आणि ड (८,०) हे चार बिंदू घ्या. अब, बक आणि कड या रेषा काढा. तिन्ही रेषांचे मध्यबिंदू शोधा: (०,४), (४,८) आणि (८,४). हे तीन बिंदू क्रमाने जोडा. मिळालेल्या दोन रेषांचे मध्यबिंदू (२,६) आणि (६,६). तेही जोडा आणि पुन्हा मध्यबिंदू घ्या: (४,६). हा आपल्या वक्ररेषेवरचा बिंदू.

आता मध्यबिंदूऐवजी प्रत्येक वेळी पाव अंतरावरचा बिंदू घ्या. पहिल्या फेरीत (०,२), (२,८), (८,६). दुसरीत (०.५,३.५) आणि (३.५,७.५). तिसरीत (१.२५,४.५). पाऊण अंतर घेतले की समोरच्या बाजूचा (६.७५,४.५) मिळतो. असे सात-आठ बिंदू काढून अ आणि ड यांसह हलक्या हाताने जोडले की एक डौलदार कमान तयार होते. ती अ आणि ड मधून जाते, पण ब आणि क यांना शिवत नाही, त्यांच्याकडे नुसती ओढली जाते. ब बिंदू हलवून पुन्हा काढल्यास ही ओढ कशी बदलते हे मुलांना लगेच दिसेल.

सांध्याचे रहस्यही इथेच आहे. एका कमानीच्या शेवटी दुसरी कमान जोडायची असेल तर दोन्ही ठिकाणी टोक जुळणे पुरेसे नाही, तिथली दिशाही जुळली पाहिजे. त्यासाठी सांध्याचा बिंदू आणि त्याच्या दोन बाजूंचे ओढणारे बिंदू एका सरळ रेषेत, सांधा मधे ठेवून, असावे लागतात. ते नसले तर सांध्याला कोन पडतो आणि डोळ्याला तो लगेच खुपतो.

जोडणीचे अंकगणित

आता फॉन्टकडे वळू. इंग्रजीत लहान अक्षरे २६. कोणतेही अक्षर कोणत्याही अक्षरानंतर येऊ शकते, म्हणजे २६ × २६ = ६७६ जोड्या. प्रत्येक जोडीचा सांधा वेगळा काढायचा तर कामाला अंत नाही. साधी युक्ती अशी: प्रत्येक अक्षराची शेपटी उजव्या कडेला एकाच उंचीवर, एकाच जाडीने आणि एकाच उताराने पोचवायची, आणि पुढच्या अक्षराची सुरुवात नेमकी तिथून करायची. मग २६ आकार पुरतात.

पण बी, ओ, व्ही आणि डब्ल्यू ही अक्षरे हात खाली आणून संपत नाहीत, वरच संपतात. ‘ओ’नंतर ‘एन’ लिहून पहा आणि ‘ए’नंतर ‘एन’ लिहून पहा. ‘एन’ची सुरुवात वेगळी होते. म्हणजे शेपटीच्या उंची दोन झाल्या, तर प्रत्येक अक्षराची सुरुवातीची रूपेही दोन हवीत: ५२. शब्दाच्या आरंभी येणारे, मागे काहीच न जोडलेले तिसरे रूप धरले तर ७८. ६७६ च्या मानाने हे आटोक्यातले काम आहे.

कोणते रूप केव्हा वापरायचे हे ठरवणारे नियम फॉन्टमध्येच लिहिता येतात. मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांनी १९९६ मध्ये जाहीर केलेल्या ओपनटाइप रचनेत अशी सोय आहे. ‘मागचे अक्षर या चारपैकी असेल तर दुसरे रूप घे’ अशा धर्तीचे ते नियम असतात. जर्मन सुलेखनकार हेरमान झाप्फ यांचा १९९८ मध्ये आलेला ‘झाप्फिनो’ हा फॉन्ट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. खऱ्या हस्ताक्षरात एकच अक्षर दोनदा हुबेहूब सारखे येत नाही. म्हणून झाप्फिनोत एकाच अक्षराची अनेक रूपे दिली आहेत. त्याच्या संगणकावरील एका आवृत्तीत फॉन्टचे स्वतःचे नाव टंकित केले की सातही अक्षरांऐवजी एकच अखंड आकृती उमटते.

शिरोरेषाही एक सांधाच

वरची युक्ती वाचताना काही आठवले का? एकच उंची, एकच जाडी, एकच उतार. आपली शिरोरेषा हेच करते, फक्त तिचा उतार शून्य आहे. देवनागरीने सांध्याचा प्रश्न सरळ रेषेने सोडवला आहे. शिशाच्या खिळ्यांनी छापलेले जुने मराठी पुस्तक भिंगाखाली धरा. शिरोरेषेत जागोजागी बारीक फटी दिसतील. दिदोची अडचण आपल्या छापखान्यांनाही चुकली नव्हती. आणि ‘कि’ व ‘स्थि’ यांतील पहिल्या वेलांटीची कमान पहा. पुढचे अक्षर रुंद असेल तर कमानही रुंद हवी. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये वेलांटीची अनेक रूपे असतात आणि वर सांगितले त्याच प्रकारच्या नियमांनी त्यांतील योग्य रूप निवडले जाते.

उर्दूच्या नस्तालिक वळणाची अडचण याहून मोठी. तिथे शब्द उजवीकडून डावीकडे जाताना तिरपा खाली उतरतो आणि अक्षराची उंची पुढे किती अक्षरे आहेत यावर ठरते. मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइपच्या साहाय्याने सुमारे २० हजार जोडआकृती काढून ‘नूरी नस्तालिक’ तयार केले आणि १९८१ मध्ये लाहोरच्या ‘जंग’ दैनिकाने ते वापरले. तोवर बहुतेक उर्दू दैनिके कातिब हाताने लिहीत.

कोठे शोभते, कोठे नडते

आता व्यवहाराकडे येऊ. धावत्या वळणाची जोडरेघ फार बारीक असते. समजा, तिची जाडी अक्षराच्या मापाच्या २ टक्के आहे. १० पॉइंटच्या अक्षरात ती ०.२ पॉइंट होते. १ पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग, सुमारे ०.३५ मिलिमीटर. म्हणजे रेघ ०.०७ मिलिमीटरची. इंचाला ३०० ठिपके उमटवणाऱ्या छपाईयंत्राचा एक ठिपका सुमारे ०.०८५ मिलिमीटरचा. रेघ ठिपक्याहूनही बारीक! ती तुटक उमटणार, आणि तिची छायाप्रत काढली तर नाहीशीही होणार. हेच वळण ३६ पॉइंटमध्ये छापले तर रेघ ०.२५ मिलिमीटर, म्हणजे तीन ठिपक्यांची होते आणि सुबक उठते. हे वळण मोठ्या मापात आणि थोड्या शब्दांसाठीच का वापरावे, याचे हे पहिले कारण.

दुसरे कारण वाचनाचे आहे. वाचताना डोळा सरकत नाही, उड्या मारतो. प्रत्येक मुक्काम सेकंदाच्या सुमारे पाव भागाचा असतो आणि तेवढ्यात त्याला काही अक्षरे ओळखायची असतात. धावत्या वळणात अक्षरांचे मुख्य शरीर लहान असते, बरीच जागा लपेटींना जाते, आणि सांध्यामुळे एक अक्षर संपले कोठे हे शोधावे लागते. दोन-तीन शब्दांसाठी हे कष्ट जाणवत नाहीत. परिच्छेदभर मात्र डोळा थकतो.

यातून काही साधे नियम निघतात. संपूर्ण शब्द मोठ्या लिपीतील लपेटीदार अक्षरांत कधीही लिहू नये. ही अक्षरे शब्दाच्या आरंभी एकटी उभी राहण्यासाठी काढलेली असतात, शेजारी शेजारी आली की त्यांच्या लपेटी एकमेकींत गुंततात. अक्षरांमधले अंतर ताणू नये, सांधे सुटतात. सूचना, पत्ते, तारखा, औषधाची मात्रा यांसाठी हे वळण वापरू नये. प्रमाणपत्रावर ‘प्रमाणपत्र’ हा मथळा लपेटीत चालेल, पण मुलाचे नाव आणि इयत्ता साध्या, ठळक अक्षरांत असावी. वीस वर्षांनी ते प्रमाणपत्र कोणत्यातरी कचेरीत दाखवावे लागणार आहे, आणि तिथे नाव वाचता आले पाहिजे.

फॉन्ट आणि हाताने काढलेले अक्षर यांतला फरकही ध्यानात ठेवावा. कोका-कोलाचे नाव फ्रँक रॉबिन्सन या तिच्या हिशेबनीसाने १८८६ मध्ये सुचवले आणि त्या काळच्या स्पेन्सेरियन वळणात लिहिले. तो फॉन्ट नव्हे, त्या एका नावापुरती केलेली आकृती आहे. मराठी नाटकांच्या जाहिरातींतील कमल शेडगे यांची शीर्षके अशीच. प्रत्येक नाटकाचा स्वभाव पाहून काढलेली. एकदाच लागणाऱ्या दोन शब्दांसाठी चांगल्या हाताला फॉन्ट अजून पर्याय ठरलेला नाही.

आकार उरतो, वाचणारा उरतो का?

आपल्याकडे धावते वळण म्हणजे मोडी. आधी ओळभर शिरोरेषा आखायची आणि मग बोरू शक्य तितका कमी उचलत अक्षरे लिहीत जायची. श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी १८१० मध्ये मराठी शब्दकोश मोडी खिळ्यांत छापला. पण सुट्या खिळ्यांना बाळबोध अधिक मानवली आणि मराठी छपाई तिच्याकडे वळली. १९१७ मध्ये मुंबई सरकारने कारभारासाठी बाळबोध स्वीकारली, पुढे शाळांतूनही मोडी गेली. २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडीला स्थान मिळाले आणि आज मोडीचे फॉन्ट उपलब्ध आहेत. पत्रिकांवर, सदऱ्यांवर मोडीतली नावे हौसेने छापली जातात. याउलट पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल, आणि कित्येक घरांतली जमिनीची जुनी कागदपत्रे वाचायला जाणकार शोधावा लागतो.

इंग्रजी धावत्या वळणाची वाटही तीच दिसते. अमेरिकेत २०१० च्या सामायिक अभ्यासक्रमाने ते सक्तीचे ठेवले नाही. फिनलंडने २०१६ मध्ये जोडलेल्या अक्षरांची सक्ती सोडली. नंतर काही अमेरिकी राज्यांनी ते परत आणले. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये पहिली ते सहावीसाठी तसा कायदा केला. मधल्या पिढीला आजीची पत्रे वाचता येत नाहीत, हे त्यामागचे एक कारण होते.

फॉन्ट वळणाचा आकार अचूक जपतो. ते वाचण्याची सवय मात्र जपत नाही, ती एका माणसाकडून दुसऱ्याकडेच जाते. ग्रांजोंच्या काळात मुले छापील पुस्तकातून हस्ताक्षर वाचायला शिकत होती. आज तसे काही करायचे असेल तर त्याला खर्च नाही. संगणकावर एक मोडी फॉन्ट घ्यावा, मुलांची नावे त्यात छापून भिंतीवर लावावीत, आणि शेजारी बाळबोध रूप द्यावे. आठवड्याला पाच अक्षरे पुरेत. वर्षअखेर एखाद्या विद्यार्थ्याच्या घरचा जुना कागद वर्गात आणून तारीख आणि गावाचे नाव तरी लागते का पहावे. आमच्या मते चार-दोन मुलांना तरी ते लागेल.